किनाऱ्याची सायकलवाट आणि दुपारचा वारा

सायकलवरून कोकण किनारा करायला निघालेला माणूस किलोमीटर मोजतो, चढ मोजतो, मुक्कामाची गावं ठरवतो. वाऱ्याचा विचार मात्र तो वारा तोंडावर आल्यावरच करतो. मोबाइलमधला नकाशा मालवण ते देवगड साधारण ५० किलोमीटर दाखवतो, चढउतारही दाखवतो. पण एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता वायंगणीच्या सड्यावर समुद्राकडून काय सुटलेलं असतं, ते त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. सकाळी सहज २० च्या वेगाने पळणारी सायकल तिथे १० वर येते. चालवणाऱ्याला वाटतं ब्रेक घासतोय. तो उतरतो, चाक उचलून फिरवून बघतो. चाक मोकळंच असतं.

वाऱ्यात सायकल कशी चालवायची, हे समजून घ्यायला मालवण तालुक्यातलं तोंडवली फार सोयीचं गाव आहे. मालवणहून आचऱ्याच्या रस्त्याला लागलं की कोळंबचा पूल, मग हडी, कालावल आणि वायंगणी. तिथून तोंडवलीकडे वळायचं. सडा ओलांडून खाली उतरलं की सुरूचं बन लागतं. तिथून दक्षिणेला तळाशीलची वाळूची चिंचोळी पट्टी सुरू होते, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी. पट्टीच्या टोकाला उभं राहिलं की पलीकडे सर्जेकोट अगदी जवळ दिसतं. पण सायकलने जायचं तर आल्या वाटेने परत तोंडवली, वायंगणी, कालावल असा सगळा वळसा. म्हणजे उघडा कातळसडा, झाडांचा आडोसा आणि दोन्हीकडे पाणी असलेला रेतीचा रस्ता, तिन्ही प्रकार एकाच गावात. त्यातला सडा मार्चनंतर कोकणातलं वाळवंटच असतो. काळा तापलेला कातळ, वाळून पिवळं पडलेलं गवत, आणि सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची.

नकाशावर गाव शोधताना एक काळजी घ्या. सिंधुदुर्गात वायंगणी दोन आहेत, एक मालवण तालुक्यात आणि दुसरं वेंगुर्ले तालुक्यात. मोबाइलला नुसतं नाव सांगितलं तर तो भलतीकडेही नेतो, आणि वाऱ्याच्या दिवशी चुकलेले किलोमीटर दुप्पट महाग पडतात.

माझं मत सरळ आहे. वाऱ्याच्या दिवशी पायातल्या जोरापेक्षा घड्याळ जास्त कामाला येतं.

वारा सुटतो कधी, पडतो कधी

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच पाठ केले. परीक्षेनंतर ते विसरलो. किनाऱ्यावर सायकल चालवायची तर तेवढा एक धडा पुन्हा काढायला हवा. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हा मतलई वारा पहाटे असतो आणि हलका असतो.

आकाश निरभ्र असेल तर खारा वारा सकाळी दहा-अकराच्या सुमारास जाणवायला लागतो. दोन ते पाच ही त्याच्या जोराची वेळ. सूर्य कलला की तो उतरतो आणि दिवेलागणीनंतर बहुतेक वेळा पडतो. छोट्या होडीवाल्यांचा दिवस यावरच बेतलेला असतो. अंधारात जायचं आणि ऊन चढायच्या आत किनाऱ्याला लागायचं. ‘वारो सुटलो’ असं किनाऱ्यावर कुणी म्हणालं की तो गप्पांचा विषय नसतो, कामाची वेळ संपल्याची सूचना असते. सायकलवाल्यानेही ती तशीच ऐकावी.

म्हणून दिवस असा लावा. उजाडता उजाडता, सहाच्या आसपास निघा. साडेदहापर्यंत दिवसाच्या अंतराचा तीन-चतुर्थांश भाग संपवा. अकरा ते साडेचार सायकल भिंतीला टेकवून ठेवा. उरलेलं अंतर पाचनंतर. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी पावणेसातपर्यंत उजेड असतो, त्यामुळे शेवटचे १०-१२ किलोमीटर आरामात होतात. मालवणहून उत्तरेला निघालात तर न्याहारी आचऱ्यात, मग मुणगे, मिठबाव करत अकराच्या आत कुणकेश्वर. तिथे दुपार काढा आणि संध्याकाळी मिठमुंबरी-तारामुंबरीच्या पुलावरून देवगड गाठा. सुट्टीचा दिवस म्हणून आठला उठून, पोहे-चहा आटपून, साडेनऊला पेडल मारायला लागलात, तर हाच रस्ता अख्खा दिवस खातो.

उत्तरेकडून दक्षिणेकडे

पुण्या-मुंबईचे बरेच जण रेल्वेने सावंतवाडी किंवा गोवा गाठतात आणि तिथून किनाऱ्याने वर, घराच्या दिशेने सायकल काढतात. घराकडे तोंड करून चालवायला मनाला बरं वाटतं, ते खरं. पण उन्हाळ्यात ही दिशा चुकीची आहे, आणि त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण वाऱ्याचा रोख. फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुधा सरळ पश्चिमेकडून येत नाही, तो वायव्येकडून येतो. म्हणजे वर जाणाऱ्याच्या डाव्या गालावर आणि छातीवर, आणि खाली येणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागून. एकच वारा, पण एकाला ढकलतो आणि दुसऱ्याला अडवतो.

दुसरं कारण फारसं कुणी बोलत नाही, पण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, त्यामुळे झोत आला तर तो तुम्हाला डावीकडे, साइडपट्टीवर ढकलतो. फार तर गवतात जाल. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो आणि तोच झोत तुम्हाला उजवीकडे, रस्त्याच्या मध्यावर, मागून येणाऱ्या डंपरच्या पुढ्यात नेतो. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग नावातच बरोबर दिशेने लिहिलाय. त्याच दिशेने करा.

तळाशीलला जाताना हा हिशोब लहान प्रमाणात अनुभवता येतो. पट्टीवरून दक्षिणेला, टोकाकडे जाताना सायकल आपसूक पळते आणि आपल्याला वाटतं आज पाय भलतेच चालतायत. परतीचा रस्ता तोच, पण तोंड उत्तरेला. पाणी संपलेलं, ऊन चढलेलं, आणि वारा समोर. टोकाला जायचं असेल तर सकाळी जा. सर्जेकोटकडे होडीने पलीकडे जायचा विचार असेल तर तोही सकाळीच, कारण दुपारी खाडीच्या मुखाशी पाणी उसळतं आणि सायकल घेऊन होडीत चढणं-उतरणं अवघड होतं.

वाऱ्याचा अंदाज घ्यायचा कसा

मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज आता सगळ्यांनाच मिळतो, पण तो वाचताना तीन चुका होतात. पहिली एककाची. काही ठिकाणी आकडा नॉटमध्ये असतो, काही ठिकाणी सेकंदाला मीटरमध्ये. एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. सेकंदाला एक मीटर म्हणजे तासाला ३.६ किलोमीटर. ‘१२ च तर आहे’ म्हणून निघालेला माणूस प्रत्यक्षात २२ च्या किंवा ४३ च्या वाऱ्यात असू शकतो. दुसरी चूक दिशेची. वायव्य वारा म्हणजे वायव्येकडून येणारा, वायव्येकडे जाणारा नव्हे. तिसरी, सरासरी वारा बघायचा आणि झोताचा आकडा बघायचाच नाही. सायकल पाडतो तो झोत.

हवामान खात्याचा आकडा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. सायकलवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर वारा त्याहून कमी लागतो. घरं, झाडं, गडगे असलेल्या वाडीतून जाताना तर निम्माही लागत नाही. उघड्या सड्यावर आणि पुलावर मात्र ही सूट धरू नका.

मोबाइल नसला तरी चालतं, झाडं सांगतात. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा तासाला १२ ते १९ किलोमीटर. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडायला लागले, लहान फांद्या हलायला लागल्या की २० ते २८. समुद्रावर पांढरे फेसाचे तुरे जागोजागी दिसतात तेही याच वेळी. लहान झाडं बुंध्यापासून डोलायला लागली तर २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलतायत, छत्री धरवत नाही, म्हणजे ३९ च्या वर. सामान लादलेल्या सायकलवर मी २८ पर्यंत सावकाश पुढे जा म्हणेन. ३९ च्या वर उतरा, मग रस्ता कितीही सपाट असो.

आणखी एक खूण फार दुरून दिसते. पवनचक्क्या. देवगडच्या सड्यावर त्या उभ्या केल्या, साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर केल्या, त्या काही शोभेसाठी नाहीत. तिथे वर्षातला बराच काळ वारा असतो, हे आधी मोजून पाहिलेलं असतं. तेव्हा मार्ग आखताना नकाशावर पवनचक्क्या दिसल्या की त्या भागाची वेळ सकाळची ठेवा. मोठ्या पवनचक्कीचं तोंड वारा येतो त्या दिशेला वळलेलं असतं, त्यामुळे तिच्याकडे बघून पुढच्या वळणानंतर वारा कुठून लागणार हेही कळतं.

वीसचे अकरा होतात, ते का

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि इथे वेग धरायचा तो हवेच्या तुलनेतला. वारा नसताना २० ने चालवलीत तर तोंडावर हवा २० ने येते. समोरून २० चा वारा असताना तोच वेग राखायचा हट्ट धरलात तर हवा ४० ने येते. वेग दुप्पट, अडथळा चौपट. एवढा जोर तासन्‌तास कुणाच्याच पायात नसतो. आधीइतकाच जोर लावायचा ठरवलं तर सायकल १० ते १२ च्या दरम्यान स्थिरावते. हाच त्या दिवसाचा खरा वेग. तो कमीपणाचा नाही, त्याला मान द्या.

‘जाताना समोरून आहे, येताना पाठीमागून मिळेल, म्हणजे फिटंफाट’ हाही एक गोड गैरसमज आहे. २० किलोमीटर ११ च्या वेगाने जायला सुमारे पावणेदोन तास लागतात. येताना ३० चा वेग मिळाला तरी ४० मिनिटं लागतातच. बेरीज अडीच तासांच्या जवळ. वारा नसता तर दोन तास लागले असते. वारा घेतो जास्त, परत देतो कमी.

त्यामुळे अशा दिवशी किलोमीटरचं लक्ष्य ठेवूच नका. ‘दहापर्यंत चालवणार, मिळेल त्या गावात थांबणार’ असं तासांचं लक्ष्य ठेवा. वेगाचा आकडा दाखवणारं मीटर झाकून ठेवलंत तरी बरं. त्या आकड्याकडे बघत जोर लावणारे लोक पहिल्या तासातच मांड्या जाळून घेतात.

गिअर चढाचा लावा, सपाटीवर असलात तरी. पाय हलके आणि भरभर फिरले पाहिजेत. जड गिअरवर उभं राहून रेटलं की गुडघे बोलायला लागतात. कोपर वाकवा, छाती थोडी खाली आणा, हनुवटी आत. पकड सैल ठेवा. मूठ आवळली की खांदे आखडतात, आणि झोत आला की सगळं शरीर हँडलसकट वळतं. फडफडणारं जाकीट, सुटा टी-शर्ट, मागे उडणारा पंचा, हे सगळं शीड आहे. अंगाबरोबरचे कपडे घाला. सामान कॅरिअरवर उंच रचू नका, चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली लटकवा, आणि जड वस्तू अगदी तळाला. हँडलला मोठी पिशवी लावायची काहींना हौस असते. आडव्या वाऱ्यात तीच सुकाणू होऊन बसते.

समोरच्या वाऱ्यात कानात इतका आवाज भरतो की मागून येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. उजव्या हँडलला छोटा आरसा लावा. एरवी तो नसला तरी भागतं, वाऱ्याच्या दिवशी तो हेल्मेटइतकाच गरजेचा. डोळ्यांवर चष्मा, संध्याकाळसाठी बिनरंगी काचांचा.

आडवा वारा, पूल आणि खिंडी

समोरचा वारा दमवतो, आडवा वारा पाडतो. आडव्या वाऱ्यात सायकल सरळ चालवायची तर वाऱ्याच्या बाजूला किंचित कलती ठेवावी लागते. हे आपोआप जमतं. अडचण येते ती वारा एकदम थांबतो तेव्हा. शेजारून एसटी किंवा डंपर गेला की काही क्षण वारा अडतो, कललेली सायकल त्या गाडीकडे ओढली जाते, आणि गाडी पुढे सरकताच झोत पुन्हा कुशीत बसतो. आरशात मोठी गाडी दिसली की पेडल मारत राहा आणि डावीकडे हातभर जागा राखून चालवा. साइडपट्टीच्या अगदी काठावरून चालवू नका. तिथे सावरायला जागाच उरत नाही.

कोकणातला रस्ता सड्यावर चढतो, खाडीवर उतरतो, पुन्हा चढतो. उतारावर जांभा कापून केलेली खिंड लागते. तिच्या आत वारा नसतो, आणि ती संपते तिथे तो दाराआड दबा धरून बसल्यासारखा अंगावर येतो. खिंडीचं टोक दिसताच, बाहेर पडण्याआधी, वेग कमी करा. झोत लागल्यावर ब्रेक दाबणं उशिराचं. पुलावर तर कठड्याशिवाय काहीच आडोसा नसतो. कोळंबच्या किंवा मिठमुंबरीच्या पुलावर दुपारी सायकल हलायला लागली तर उतरून हाताने ओढत न्या. कुणी हसलं तर हसू दे.

चार-पाच जण असाल तर

मागे राहणाऱ्याचे चौथा ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात, एवढा पुढच्याच्या पाठीचा आडोसा मोलाचा आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. त्या मार्गात सुरुवातीलाच कॅलिफोर्निया-ॲरिझोनाचं वाळवंट येतं. दोघांच्या संघाचं बळ पाळीत असतं, एक चालवतो तेव्हा दुसरा विसावतो. आपल्या मागे मदतीची गाडी नसते, पण पाळी लावायला गाडी लागत नाही. तीन-चार मिनिटं पुढे, मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी. जो दमदार त्याने जास्त वेळ पुढे राहावं, पण वेग वाढवू नये. कमजोर साथीदाराला पुढे पाठवून ‘सगळ्यांना सारखं’ म्हणण्यात काही न्याय नाही.

पुढच्याच्या मागच्या चाकाशी आपलं पुढचं चाक कधीही बरोबरीने आणू नका. झोताने तो हातभर सरकला की चाकाला चाक लागतं, आणि पडतो तो मागचा. आडव्या वाऱ्यात व्यावसायिक शर्यतीतले खेळाडू तिरकी रांग धरून रस्ता भरून टाकतात. ते बंद रस्त्यावर. वायंगणीच्या रस्त्याची रुंदी पाहता एकामागोमाग एक हाच पर्याय.

थांबायचं कुठे, खायचं काय

वाऱ्यात थांबणं म्हणजे आडोसा शोधणं. एसटीचा थांबा, देवळाचा सभामंडप, शाळेची पूर्वेकडची भिंत, आणि काहीच नसेल तर चिऱ्यांचा गडगा. त्याच्या पूर्वेला जमिनीवर बसलं की वारा डोक्यावरून जातो. माडाखाली मात्र बसू नका. सुंदर सावली दिसते, पण वाऱ्यात वाळलेली झावळी किंवा नारळ खाली यायला वेळ लागत नाही. सुरूच्या बनातही वाळक्या फांद्या बघून जागा निवडा.

सगळ्यात फसवी गोष्ट तहान. वारा घाम टिपून घेतो, अंग गार वाटतं, आणि तहान लागल्याचं कळतच नाही. शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे दिसायला लागले की समजा उशीर झाला. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटाघोटाने पोटात जायला हवं. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठही गेलेलं असतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही जलसंजीवनी. चमचा चहाचा. आवडीसाठी त्यात कोकमाचं आगळ थोडं घातलं तर मीठ त्या हिशोबाने कमी करा, कारण आगळ मुळात खारटच असतं.

खाण्याच्या बाबतीत मालवणी स्वयंपाकघराने सायकलवाल्याचा विचार आधीच करून ठेवलाय. उकड्या तांदळाची पेज घ्या, मीठ घालून, सोबत लोणचं किंवा भाजलेला सुका बांगडा. पाणी, पिष्ट आणि मीठ एकाच वाडग्यात, आणि पोटाला जड नाही. दुपारी थांबलेल्या घरी थाळीऐवजी पेज मागितली तर यजमान आधी आश्चर्याने बघतात, मग आनंदाने देतात. जाताना खिशात मालवणी खाजं आणि शेंगदाण्याचे लाडू ठेवा. खाजं उन्हात वितळत नाही, मोडून एका हाताने खाता येतं आणि कुठल्याही बाजारात मिळतं. तळलेल्या मासळीचं भरपेट जेवण रात्रीसाठी ठेवा.

डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा येणं, ही उन्हाची पहिली खूण. लगेच सावली, पाणी, विश्रांती. पण सोबती असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या द्यायला लागला, तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत, वारा घालत त्याला गार करायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

रेती आणि खार

तळाशीलसारख्या ठिकाणी वाऱ्याने रस्त्यावर रेतीचे पातळ थर येतात. त्यावर वळू नका, ब्रेक मारू नका. सरळ, हलक्या पायाने पार व्हा. टायरची हवा थोडी कमी केली तर पकड वाढते. साखळीला पातळ, कोरडं वंगण वापरा. घट्ट तेल लावलं की रेती त्याला चिकटते आणि साखळीची कानस होते. मुक्कामी पोहोचल्यावर गोड्या पाण्याचं ओलं फडकं सायकलभर फिरवा, साखळी कोरडी पुसा, वंगणाचे थेंब सोडा आणि जास्तीचं पुसून काढा. हे रोज. दोन दिवस राहून गेलं तरी खाऱ्या हवेत बोल्टांवर तांबूस डाग दिसायला लागतात.

वाळूवर तंबू ठोकायचा बेत असेल तर नेहमीच्या खुंट्या उपटून येतात. पिशवीत वाळू भरून ती पुरा आणि तिला दोरी बांधा. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. तेव्हा पुळणीवर दिवे लावून राहू नका. गावात विचारून झाडांच्या मागे जागा घ्या.

खऱ्या वाळवंटात काय बदलतं

कोकणातला वारा पचला की अनेकांना कच्छ किंवा जैसलमेरची ओढ लागते. पहाटेचा नियम तिथेही लागू पडतो, कारण मात्र वेगळं. ऊन चढलं की तापलेली हवा वर-खाली घुसळते आणि वरच्या थरातला जोराचा वारा जमिनीपर्यंत येतो. रात्री ही घुसळण थांबते, म्हणून पहाट शांत असते.

फरक दोन ठिकाणी पडतो. एक, आडोसा. आपल्याकडे चार-पाच किलोमीटरवर वाडी, विहीर, गडगा काहीतरी लागतंच. खावड्याहून धोलावीऱ्याला जाणारा रस्ता पांढऱ्या रणातून सरळ जातो, दोन्ही बाजूंना मीठ आणि वर आभाळ. तिथे पाणी माणशी पाच-सहा लिटर सोबत हवं आणि मागे फिरण्याची वेळ आधीच ठरलेली हवी. दुसरा, वाऱ्याचा हट्ट. किनाऱ्यावरच्या वाऱ्याची दिशा दिवसातून दोनदा बदलते, वाळवंटातला मोठा वारा तीच दिशा कित्येक दिवस धरून बसतो. म्हणून निघण्याआधी आठवडाभराचा अंदाज बघून प्रवासाची दिशाच उलटी करायची तयारी ठेवा. तिकिटं काढलीत म्हणून वाऱ्याच्या तोंडी आठ दिवस घालवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. मे-जूनमध्ये तिथे धुळीची वादळं उठतात. क्षितिजावर पिवळट भिंत दिसली तर रस्ता सोडून लांब जा, कारण मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसणार नाही. सायकल आडवी टाका, वाऱ्याकडे पाठ करून बसा, ओलं फडकं नाकातोंडावर धरा आणि वादळ जाऊ द्या.

न निघण्याचे दिवस

किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. पावसात सायकल चालवायची हौस असेल तर ती सह्याद्रीच्या पायथ्याशी, आतल्या रस्त्यांवर भागवा. उघड्या सड्यावर आणि समुद्राचं पाणी आत येणाऱ्या तळाशीलच्या पट्टीवर नको. मे महिन्याच्या उत्तरार्धातही अरबी समुद्रावर नजर ठेवा. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यासमोरून गेलं, तेव्हा झाडं आणि विजेचे खांब रस्त्यांवर आडवे झाले होते.

सोपा नियम म्हणजे मच्छीमारांसाठी हवामान खात्याचा इशारा बघायचा. वारा तासाला ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत, समुद्रात जाऊ नये, असं वाक्य त्यात असेल तर तुम्हीही रस्त्यावर जाऊ नये. ज्यांचं पोट त्या पाण्यावर चालतं ते घरी बसतात, तर हौशी माणसाने बाहेर पडायचं काय कारण?

नोव्हेंबर ते जानेवारी हा किनाऱ्याच्या सफरीचा सगळ्यात चांगला काळ, पण त्याच सुमारास इथे आणखी एक गोष्ट घडू शकते. काही वर्षांनी एकदा, श्री रामेश्वराचा कौल झाला की आचऱ्याची गावपळण होते. अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. आसपासच्या काही गावांतही ही रीत आहे. दिवसभर वारा खाऊन चहाच्या आशेने पोहोचावं, तर बाजार बंद आणि घरांना कुलपं. तेव्हा मुक्कामासाठी फोन कराल तेव्हा खोली, भाडं आणि जेवण विचाराच, पण त्याआधी विचारा, ‘त्या दिवसांत गावपळण नाही ना?’